पन्नासपैकी त्रेचाळीस

"बाई, हे यंत्र तुमच्या शब्दावर घेतलंय," तो गृहस्थ दारातूनच मोठ्याने म्हणाला, "आणि मला त्यात काही म्हणजे काही ऐकू येत नाही!"

आईला ते नीट ऐकू गेलं नव्हतं. आतल्या खोलीतून तिने विचारलं, "कोण आहे गं?"

"वाचक आहेत कुणीतरी," मी म्हटलं.

"काय म्हणतात बाई?" गृहस्थांनी कानामागे हात धरून मला विचारलं.

"आत या म्हणते."

"चहा नको. आधी यंत्राचं बोला."

पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, टोपी, आणि हातात सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा डबा. आरगेहून पहिल्या एसटीने आले होते. नाव अण्णाप्पा मगदूम, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. आई बाहेर आली, त्यांच्यासमोर बसली, आणि मग कमी ऐकणारी दोन माणसं एकमेकांशी ओरडून बोलू लागली. दोन मिनिटांत कळलं की दोघांनाही एकमेकांचं काही कळत नाही. मग मी मध्ये बसले. गुरुजींचं बोलणं आईला सांगायचं, आईचं गुरुजींना. आईला माझा शब्द पहिल्या खेपेला कळत होता. गुरुजींना मात्र मला तीन-तीनदा सांगावं लागत होतं. ही गोष्ट त्या वेळी माझ्या लक्षात आली, आणि आईच्या लक्षात येऊ नये असं मला वाटलं.

ही दोन हजार चौदा सालची, मिरजेतली गोष्ट. आई कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात प्रयोग शिकवायची. एक्केचाळिसाव्या वर्षी तिचे कान जायला लागले. तिने एकामागून एक तीन श्रवणयंत्रं घेतली. प्रत्येक दुकानदाराने आधीचं यंत्र भंगार असल्याचं सांगितलं. निवृत्तीनंतर ती मला म्हणाली, "शलाका, यंत्र आहे ना? मग ते मोजता आलं पाहिजे. कुणी मोजत नाही म्हणून हे लोक काहीही सांगतात." मी सांगलीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते, संगणकाचं थोडं येत होतं. मी तिला संकेतस्थळ करून दिलं. नाव तिनेच ठेवलं, 'कानोसा'. त्यावर फक्त श्रवणयंत्रांची माहिती होती, मराठीत, आणि जाहिरात एकही नव्हती.

तिचे नियम पहिल्याच पानावर होते. यंत्र दुकानातून, दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने विकत घ्यायचं. कंपनीकडून काही घ्यायचं नाही. एकदा एका कंपनीने दिवाळीला डायरी पाठवली, तर तिने ती मला पोस्टात टाकायला लावली, सोबत चिठ्ठी: 'मिळाली. परत पाठवत आहे.' तपासणीच्या वेळी यंत्रावरच्या नावावर चिकटपट्टी लावायची, ओळखीला फक्त नंबर. चूक झाली तर मजकूर पुसायचा नाही, त्यावर रेघ मारून खाली दुरुस्ती लिहायची. आणि प्रत्येक तपासणीखाली दोन नावं: 'ऐकणारी: कुमुद हसबनीस. वाचणारी: शलाका हसबनीस.'

वाचणारी मी, कारण तपासणी अशी असायची. मराठीतले सगळे उच्चार सारखे विभागले जातील अशा पन्नास-पन्नास शब्दांच्या वीस याद्या आईने केल्या होत्या. कोपऱ्यात रेडिओ बारीक आवाजात चालू ठेवायचा. मी सहा फुटांवर उभी राहायची, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर पुठ्ठा धरायची, आणि एकेक शब्द एकदाच वाचायची. आई यंत्र लावून ऐकेल ते लिहायची. चाळीस किंवा वर बरोबर आले तर 'घ्यावे'. तिसाच्या खाली 'घेऊ नये'.

गुरुजींच्या डब्यातलं यंत्र आमच्या यादीतलं सत्तावीस नंबरचं होतं. पन्नासपैकी त्रेचाळीस. 'घ्यावे.'

"पुतण्याने तुमचं सगळं वाचून दाखवलं मला," गुरुजी सांगत होते. "म्हणाला, काका, या बाई कुणाच्या मिंध्या नाहीत. म्हणून दुसरं पाहिलंच नाही. माझी मंडळी अंथरुणावर आहे, डावं अंग गेलंय. ती आतून हाक मारते आणि मी ओसरीवर पेपर वाचत बसतो. परवा दोन तास भिजलेल्या अंथरुणात पडून होती. मी आत गेलो तर रडत होती. मला म्हणाली, कान विकत आणलेत ते कुठे ठेवलेत?"

हे मी आईला सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला, एवढं माझ्या बाजूने म्हणता येईल.

आईने यंत्र उघडलं. सेल पाहिला, नळी पाहिली, आवाजाच्या पातळ्या पाहिल्या. "यंत्र ठीक आहे. गुरुजी, तुमच्या कानाचा आलेख आणलाय?"

गुरुजींनी घडी घातलेला कागद काढला. आईने कपाटातून स्वतःचा काढला. दोन्ही कागद एकावर एक ठेवून तिने खिडकीच्या काचेला लावले. रेघेवर रेघ बसली. फार तर बोटभर इकडेतिकडे.

"तुमचे-माझे कान सारखेच गेलेत," ती म्हणाली. "मग मला त्रेचाळीस ऐकू येतात आणि तुम्हाला काहीच नाही, हे कसं?"

"तेच विचारायला आलोय."

"शलाका, गुरुजींची घे."

मी गुरुजींची तपासणी घेतली. चोवीस. मग तेच यंत्र आईने लावलं आणि मी दुसरी यादी वाचली. त्रेचाळीस.

"एखाद्याची सवयही असते," मी घाईने म्हटलं. "यंत्र नवीन आहे त्यांना. महिनाभर लावलं की बसेल कानाला."

आई मान हलवणार होती. पटलं की ती चष्मा काढायची, आणि तिचा हात चष्म्याकडे गेलाही होता. गुरुजींनी माझं बोलणं ऐकलं नव्हतं, पण मी त्यांना वाटेला लावतेय एवढं त्यांना दिसलं असावं. ते उठले नाहीत.

"बाई, एक बोलू? चाळीस वर्षं तोंडी परीक्षा घेतल्या मी. घरी आईने प्रश्न विचारला की पोराला सगळं येतं. शाळेत साहेबाने तोच प्रश्न विचारला की पोराची दातखीळ बसते. आई खोटं बोलत नसते, पण तिची विचारायची तऱ्हा पोराला ठाऊक असते. मी वाचू का जरा?"

मी हे आईला लगेच सांगितलं नाही. आईनेच विचारलं, "काय म्हणाले?"

"त्यांना वाचायचंय म्हणतात. पण आई, आपल्या सगळ्या तपासण्यांत वाचणारी एकच आहे. मध्येच माणूस बदलला तर..."

"नियमात आहे तसं?"

"आपण तसंच करत आलोय."

"करत आलोय. लिहिलेलं नाही." तिने अकरावी यादी गुरुजींच्या हातात दिली आणि पुठ्ठाही दिला.

गुरुजी उभे राहिले. टोपी नीट केली. प्रार्थनेच्या रांगेसमोर वाचावं तसं खणखणीत वाचलं त्यांनी. एकेक शब्द स्वच्छ, एकेक शब्द एकदाच. मी दाराशी उभी राहून आईची पेन्सिल बघत होते. पहिल्या दहांत ती सहा वेळा थांबली. पंधराव्या शब्दानंतर आईने मान वर केली आणि पुठ्ठ्याकडे पाहिलं, जणू पुठ्ठा जाड झाला होता. मग नुसत्या रेघा मारत गेली.

तिने स्वतःच तपासलं. दोनदा मोजलं.

"एकोणीस."

"माझं वाचणं बरोबर नसेल बाई," गुरुजी कावरेबावरे झाले. "दात नाहीत मला खालचे."

आईने माझ्याकडे पाहिलं, काय म्हणाले म्हणून. मी सांगितलं.

"नाही गुरुजी. तुमचं वाचणं अगदी बरोबर आहे. चूक आमची आहे. मी तसं लिहीन." पुढे बोलली ती एकदम प्रयोगशाळेतल्या आवाजात. "यंत्राचा नाद सोडा आता. बायकोच्या उजव्या हाताशी एक बटण लावून घ्या आणि ओसरीवर तुमच्या डोळ्यांसमोर एक दिवा. हाक ऐकू येणार नाही, पण दिसेल. वायरमनला हे दाखवा." आणि तिने कागदावर आकृती काढून दिली.

जिना उतरताना गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, तुम्ही फार सुरेख वाचता हो," ते म्हणाले. त्यांच्या मनात काहीही नव्हतं.

पुढचे चार दिवस आई माझ्याशी जेवणखाणापुरतंच बोलली. खालच्या मजल्यावर मेहरूनभाभी मुजावर राहायच्या, अंगणवाडीत होत्या. आईने त्यांना वर बोलावलं. कपाटात नऊ यंत्रं होती, नऊही पुन्हा तपासली. भाभी हसत वाचायच्या, मध्येच म्हणायच्या, "बाई, माझी पोरं बरी की हो तुमच्यापेक्षा, ती निदान ऐकून न ऐकल्यासारखं करतात!" आईला ते ऐकू जात नव्हतं, पण भाभी हसल्या की तीही हसायची. नवांपैकी एकही यंत्र पंचवीसच्या वर गेलं नाही.

पाचव्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा ती टेबलाशी बसली होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"शलाका, ऐकू येत नाही त्याला दिसतं जास्त. कधीपासून?"

खोटं सांगता आलं असतं. माझा आवाज तिच्या सवयीचा आहे, लहानपणापासून मी तिच्याशी अशीच बोलत आले, ते आपोआप झालं. यातलं निम्मं खरंही होतं. त्रेचाळीसातले दहाएक शब्द तरी नुसत्या सवयीमुळे आलेले होते.

"गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून," मी म्हटलं.

त्या दिवाळीत माझा मावसभाऊ आला होता. आईच्या पाठीमागे उभा राहून त्याने चार वेळा 'मावशी' म्हणून हाक मारली. आईने त्या वेळी आमच्याकडचं सगळ्यात चांगलं यंत्र लावलेलं होतं. ती फुलवाती वळत राहिली. पुढच्या महिन्यात एक नवं यंत्र तपासताना माझ्या लक्षात आलं की मी नेहमीसारखं वाचलं तर तिचे बत्तीस येतात. त्याआधी चाळीस-एक्केचाळीस यायचे. मी तिचा उत्तरांचा कागद फाडला, वाचताना माझे काही शब्द चुकून गळले म्हणाले, आणि दुसरी यादी घेतली. ती निराळ्या तऱ्हेने वाचली. शब्दाआधी श्वास सोडायचा, म्हणजे तिला चाहूल लागते. अक्षरं सुटी करायची. तिच्या उजव्या कानाकडे वळायचं. पुठ्ठा हनुवटीपासून थोडा दूर धरायचा, गाल दिसले पाहिजेत. शब्द एकदाच वाचायचा हा नियम मी कधी मोडला नाही. त्या नियमाच्या आत राहून मी सगळं केलं.

हे मी तिला सांगितलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"कशासाठी?"

"तुला कळलं असतं."

"काय?"

"की याच्यापुढे यंत्र नाही. कानाची शीरच जातेय. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं."

"मला का नाही सांगितलं?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"बरं, मला कळू नये असं वाटलं तुला. मला खोटे आकडे दाखवून फसवलंस, ते तुझं-माझं झालं. पण ते छापलं कशाला? आरगेला अंथरुणावर पडलेल्या त्या बाईने काय केलं होतं तुझं?"

"मला वाटलं नव्हतं की इतके लोक..."

"लोक घेतात म्हणूनच लिहितो ना आपण? की माझं मन रमावं म्हणून चाललं होतं हे?"

याचं खरं उत्तर 'हो' असं होतं. ते तिला माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण तिने पुढे काही विचारलं नाही.

दुरुस्ती तिने हाताने लिहिली आणि मला टंकायला दिली. 'गेल्या पंधरा महिन्यांतल्या एकतीस तपासण्या रद्द करत आहोत. त्या काळात वाचणारी शलाका हसबनीस हिने, मी तिची आई असल्यामुळे, मला समजेल अशा रीतीने शब्द जाणूनबुजून वाचले. या तपासण्यांवर विसंबून कुणी यंत्र घेतले असेल त्याची मी क्षमा मागते. ऐकणारी म्हणूनही मी आता पात्र नाही. यापुढे येथे नवी तपासणी होणार नाही.'

"जाणूनबुजून काढ," मी म्हटलं.

"चूक आहे का?"

"चूक नाही."

"मग?"

"आई, माझं नाव आहे त्यात."

"एकतीस तपासण्यांखाली तुझं नाव आहे. तेव्हा नाही म्हणालीस काढ म्हणून."

"कॉलेजात वाचतील."

"वाचावं म्हणूनच लिहितो."

"मग मी का केलं तेही लिही. अर्धंच कशाला?"

तिने चष्मा पुसला. मला वाटलं, लिहील.

"कारण लिहिलं की वाचणाऱ्याला तुझी दया येईल," ती म्हणाली. "तुझी येईल, मग माझी येईल, आणि यंत्राचं राहून जाईल."

तिला संगणकावर मजकूर चढवता येत नव्हता. ते माझंच काम होतं. तिच्यासमोर बसून मी एकतीस तपासण्यांवर एकेक करून रेघ मारली आणि वर ती दुरुस्ती लावली, सगळ्या शब्दांसकट. दोन तास लागले. ती शेवटपर्यंत खुर्चीवर बसून होती. मी शब्द गाळीन म्हणून लक्ष ठेवून होती की मला एकटीला करावं लागू नये म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याने काय साधलं? मिरजेतल्या दोन दुकानदारांनी त्या पानाच्या छापील प्रती काढून काउंटरवर ठेवल्या. गिऱ्हाईकाने 'कानोसा'चं नाव काढलं की दाखवायचे: बघा, बाई स्वतःच म्हणतात, सगळं खोटं होतं. आणि मग आपल्याकडचं यंत्र गळ्यात मारायचे. आम्ही मोकळी केलेली जागा दुसऱ्या एका संकेतस्थळाने घेतली. तिथे प्रत्येक यंत्र उत्तम होतं आणि प्रत्येक यंत्राखाली विकत घेण्याचं बटण होतं. माझ्या वाचनालयात गणिताचे एक प्राध्यापक पुस्तक मागायला आले. मी म्हटलं, ते बाहेर गेलंय. तर म्हणाले, "गेलंय ना मॅडम? नाही म्हणजे, जाणूनबुजून नाही ना सांगत?" सगळे हसले. मीही हसले. मगदूम गुरुजींचं पत्र आलं, दिवा छान चालतोय, मंडळी दिवसातून वीस वेळा उगाचच लावते. आईने ते पत्र मला वाचायला दिलं नाही. मेहरूनभाभींनी सांगितलं म्हणून कळलं.

माझ्यावर ती कधी रागावली नाही. एवढंच झालं की मी काही सांगितलं की ती ते आणखी कुणाकडून तरी पडताळून घ्यायची. सिलिंडर कधी येणार, पाणी कधी जाणार, मावशीचा फोन काय म्हणत होता. मी सांगायची, ती ऐकून घ्यायची, मग खाली जाऊन भाभींकडून कागदावर लिहून घ्यायची. चेहऱ्यावर काही नसायचं. पद्धत म्हणून करायची. परक्या माणसांशी आयुष्यभर जितकी नीट वागली तितकीच नीट ती माझ्याशीही वागली, आणि सात वर्षं मी ते सोसलं. घर सोडून जावं असं पुष्कळदा वाटलं. पण इतकी वर्षं जवळ राहिल्यावर तिच्याशी बोलायला दुसरं कोण होतं? तिला माझंच ऐकू यायचं.

आई जाऊन आता चार महिने झाले. शेवटचे अकरा दिवस ती दवाखान्यात होती. नवव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की कॅन्सर यकृतात पसरलाय, आता फार तर आठवडा. मी चेहरा धुऊन आत गेले. एक तरुण सिस्टर सलाईन बदलत होती. आईने विचारलं, "काय म्हणाले?"

मी तिच्या उजव्या बाजूला वाकले. श्वास सोडला. अक्षरं सुटी केली.

"सूज आहे म्हणाले. औषधाने उतरेल."

तिने सगळं ऐकलं. एकही अक्षर सुटलं नाही, तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. मग तिने मान दुसरीकडे वळवली.

"सिस्टर, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "लिहून दिलंत तरी चालेल. हिचं मला फार नीट ऐकू येतं."

सिस्टर गोंधळून माझ्याकडे बघू लागली. "सांगा," मी म्हटलं, आणि आईला माझं तोंड दिसू नये म्हणून खिडकीकडे वळले.